बल्ल्या काढायची चिठ्ठी

पूर्णा
२० जानेवारी २०२५

प्रिय कडूआत्या,

प्रभूच्या नावात सलाम.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि ऐकायचं यंत्र तू डबीतून बाहेर काढत नाहीस, म्हणून हे पत्र. खरं सांगायचं तर मलाही पत्रच बरं वाटतं. मोठ्या मोठ्या पाळकांच्या पत्रांची पुढे पुस्तकं निघतात. मी लिहिलेल्या प्रत्येक पत्राचा फोटो काढून ठेवतो. तूही माझी पत्रं चुलीजवळ ठेवू नकोस.

पूर्णेला येऊन मला सात महिने झाले. मंडळी छोटी आहे, साठेक घरं. काही रेल्वेतले, काही शाळा-दवाखान्यातले, बाकीचे हातावर पोट असलेले. रविवारी सगळे दोन तास शांत बसतात, गाणी म्हणतात, आणि उपासना संपली की चपला पायात घालून विश्वास आतच ठेवून जातात. सोमवार ते शनिवार कुणाचा कुणाला पत्ता नाही. हे बघून माझा जीव तुटायचा. शेवटी प्रभूनं माझ्या मनात एक योजना घातली. ‘रोजच्या कामात विश्वास’ अशी मोहीम मी सुरू केली आहे. दर रविवारी तीन जणांनी उभं राहून साक्ष द्यायची, की आपला विश्वास आपण कामाच्या ठिकाणी कसा नेला. पुलपिटाच्या बाजूला मोठा तक्ता टांगला आहे. त्यावर सगळ्यांची नावं, आणि साक्षीप्रमाणे सोनेरी तारे चिकटवायचे.

काय सांगू आत्या, मंडळी पेटून उठली! पिठाच्या गिरणीवाल्या पंचफुलाबाई आता गिरणी चालू असताना स्पीकरवर माझी प्रवचनं लावतात. गिरणीच्या घरघरीत शब्द कुणाला ऐकू येत नाही, पण पिठात तर उतरत असेल, असं त्या म्हणाल्या. तीन तारे. शाळेतल्या क्लार्कनं आपल्या लोखंडी कपाटावर वचनाचं मोठं स्टिकर लावलं. कपाटातल्या फायली दोन वर्षांपासून हलल्या नाहीत, असं मागून कुणीतरी पुटपुटलं, पण तो विषय वेगळा. दोन तारे. एक रिक्षावाला आहे, तो गाडी सुरू करण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करतो. आता त्याचा विश्वास इतका वाढला आहे, की रेल्वे फाटक ओलांडतानाही डोळे मिटतो. चार तारे.

आणि आमचे सेक्रेटरी बन्सीधरराव! बांधकामाचे ठेकेदार आहेत. त्यांनी आपल्या प्रत्येक कामावर बोर्ड लावला आहे, ‘येथील काम प्रार्थनापूर्वक चालते.’ पाच तारे दिले. देताना माझे डोळे भरून आले.

एकच माणूस डोक्याला ताप आहे. सिद्धोधन मिस्त्री. तीन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेला. चर्चच्या आवारात मुलांच्या रविवारच्या शाळेसाठी हॉल बांधतो आहोत. ठेका बन्सीधररावांचा, मिस्त्री हा. तीन रविवार त्याचं नाव पुकारलं. उठतो, म्हणतो, ‘मला बोलता येत न्हाई साहेब. जोतं बगून घ्या.’ आणि बसतो. जोतं बघून घ्या म्हणे! त्याच्या नावापुढे एकही तारा नाही. त्याच्यासाठी प्रार्थना कर.

तुझा,
शमुवेल

*

पेडगाव
२७ जानेवारी

शमू,

सलाम. पत्र पोचलं. चुलीजवळ ठेवलं न्हाई, गव्हाच्या कोठीवर ठेवलं हाय. पुस्तक निघालं तर सांग, कोठी झाडून ठेवते.

आधी एक सांग, तो रिक्षावाला स्टेशनवरून चर्चकडं सवारी आणतो का? आणत आसंल तर मी पूर्णेला आले की पायी येईन. माझे गुडघे दुखतेत, पण जीव प्यारा हाय.

तुला लहानपणी सांगितलेलं तू इसरलास, म्हून परत सांगते. मी दवाखान्यात बाळंतिणीच्या वॉर्डात एकतीस वरसं काढली. तिथं एक नवी नर्स आली व्हती, लय भक्तिवान. बाई अडली की ही पलंगाजवळ डोळे झाकून जोरात प्रार्थना करायची. एक दिवस तिची प्रार्थना चालू आन्‌ लेकरू आलं. ही डोळे झाकून! मी पुढं हात केले म्हून बरं, न्हाईतर ते खाली बादलीतच जायचं. प्रार्थना संपल्यावर ती म्हणली, बगा मावशी, प्रभूनं कसं झेललं. मी म्हणलं व्हय माय, आता प्रभूला साबण दे, हात धुवायचेत.

त्या पोरीला तुज्या तक्त्यावर किती तारे भेटले आसते? मला किती? हे मी हासत हासत लिव्हायले, राग धरू नको.

पण मिस्त्रीचं मला कळंना. तो तीनदा म्हणला, जोतं बगून घ्या. मंग तू बगितलंस का न्हाई? ते पत्रात कुठंच न्हाई.

वडलांच्या शालीला ऊन दाखव. कसर लागंल.

आत्या

*

पूर्णा
१७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझ्या पत्रातला विनोद मी मोठ्या मनानं घेतला. पण जोतं बघायला मी काय इंजिनिअर आहे? ज्याचं काम त्यानं करावं. माझं काम आत्म्याचं.

आनंदाची बातमी. येत्या रविवारी, तेवीस तारखेला, बिशपसाहेब स्वतः येणार आहेत. आमच्या मोहिमेची कीर्ती त्यांच्या कानावर गेली आहे. हॉलचं समर्पण त्यांच्या हस्ते होईल. आत तीनशे खुर्च्या, समोर तक्ता, मुलांचं गाणं. मी एकवीस मिनिटांचं भाषण पाठ केलं आहे.

आणि नेमकी इथंच सिद्धोधननं आडवी काठी घातली. दहा तारखेला स्लॅब टाकला. स्लॅबला खालून टेकू म्हणून शे-सव्वाशे बल्ल्या लावल्या आहेत, आत पाय ठेवायला जागा नाही. बन्सीधरराव म्हणाले, काढून टाका, बिशपसाहेब काय बल्ल्यांच्या जंगलात बसणार? तर हा म्हणतो, एकवीस दिवस काढायच्या नाहीत. स्लॅब मोठा आहे, ओला आहे, अजून धरला नाही. मी त्याला म्हणालो, अरे बाबा, विश्वास म्हणून काही चीज आहे की नाही? तर म्हणतो, ‘इश्वास हाय साहेब. पण शिमिटाला एकवीस दिवस लागतेतच.’

बन्सीधररावांनी दुसरे मजूर बोलावले. ते आले, आणि बल्ल्यांना हात न लावता बिड्या ओढत बसले! यांच्यात म्हणे रिवाज आहे. ज्या मिस्त्रीनं बल्ल्या लावल्या, त्याच्या तोंडून ‘काढा’ असं निघाल्याशिवाय दुसऱ्यानं हात लावायचा नाही. मिस्त्री तसं म्हणायला तयार नसेल तर बांधकाम ज्याचं त्या मालकाची लेखी चिठ्ठी लागते, आणि ती आधी मिस्त्रीच्या हातात द्यावी लागते. काय एकेक अंधश्रद्धा!

उद्या मी स्वतः जाऊन त्याला आज्ञाधारकपणावर दोन शब्द सांगणार आहे. प्रभू मार्ग काढील.

तुझा,
शमुवेल

*

पेडगाव
२० फेब्रुवारी

शमू,

तुजं पत्र आता दुपारी आलं. सलाम-बिलाम राहू दे. बल्ल्यांना हात लावू देऊ नको.

मी बाजूच्या रेवणप्पाच्या पोराकडून तुला फोन लावला. तू उचलला न्हाईस, का उचललास आन्‌ मलाच ऐकू आलं न्हाई, ते ठाऊक न्हाई. मी आपली दहा मिनिटं ‘बल्ल्या काढू नको, बल्ल्या काढू नको’ म्हून वरडले. पोरगं लय हासलं.

रेवणप्पानं गेल्या साली घर बांधलं. किराणा दुकानाचा माणूस, एक एक दिवसाचा हिशेब धरतो, तरी त्यानं बी बल्ल्या पुरे दिवस ठेवल्या. आत जायला वाट न्हाई म्हून त्याची बायको बसम्मा महिनाभर वसरीतच सैपाक करायची. मी त्याला तुजं पत्र वाचून दाखवलं. त्यानं एकच इचारलं. म्हणला, ठेकेदाराला बल्ल्यांची दुसरीकडं गरज हाय का बगा. ते इचार. बन्सीधररावाचं आणिक कुठं काम चालू हाय? तिथं स्लॅब कदी हाय?

बिशप बल्ल्यांत बसला तर त्याचं काय झिजतंय? मांडव टाक बाहेर. लेकरं बसायचेत रे त्या छताखाली.

तो गडी तुज्या तक्त्यावर बोलत न्हाई, पण तिथं आडवा उभा ऱ्हायलाय. तुला दिसंना का?

हे पत्र मी परभणीला जाणाऱ्याच्या हाती पोस्टात टाकायलेय. भेटल्या भेटल्या जाऊन थांबव.

आत्या

*

पूर्णा
२६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

प्रभूच्या नावात सलाम. तुझं पत्र चोवीस तारखेला पोचलं.

एक अघटित घडलं, आणि त्यात प्रभूचा हात स्पष्ट दिसला. शनिवारी दुपारी हॉलचा स्लॅब मधोमध खचला. चार-पाच बोटं खाली आला आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भेग पडली. एक मोठा पोपडा खाली कोसळला, त्यात वीस खुर्च्यांचा चुरा झाला. आत कुणी नव्हतं! चार वाजता मुलांची गाण्याची तालीम तिथंच होती. घटना घडली पावणेतीनला. किती कृपा!

मी ताबडतोब रविवारचं समर्पण बदलून उपकारस्तुतीची उपासना ठेवली. बाहेर मांडव टाकला. बिशपसाहेब चमत्कारावर पन्नास मिनिटं बोलले. मग साक्षी सुरू झाल्या, त्या थांबेनात. पंचफुलाबाईंना दोन दिवस आधीच स्वप्न पडलं होतं. क्लार्कला शनिवारी सकाळपासून अस्वस्थ वाटत होतं. रिक्षावाल्यानं तर डोळे मिटले असताना छत पडताना पाहिलं. तारे संपले, बाजारातून आणखी आणावे लागले.

बल्ल्या कशा निघाल्या, याबद्दल मंडळीत मतभेद आहेत. मजुरांनी एकोणीस तारखेला काढल्या, एवढं नक्की. पण त्या खोलात जाण्यात अर्थ नाही. मंडळीच्या पंचकमिटीचं म्हणणं असं, की मूळ कामच कच्चं होतं. सळई नीट बांधली नाही, मिस्त्रीचं लक्ष नव्हतं. तसा ठराव लिहिला आहे, बिशपसाहेबांच्या कचेरीत पाठवायचा. माझी सही तेवढी बाकी आहे. बन्सीधरराव म्हणतात, दहा मार्चच्या सभेत करून टाका, म्हणजे मंडळीवर काही येत नाही.

सिद्धोधन अठरा तारखेपासून कामावर नाही. उपासनेलाही येत नाही. त्याचं मन कठीण झालं आहे. कळलं, की परभणीच्या मजूर नाक्यावर त्याला आता कुणी बोलावत नाही. स्लॅब पडलेला मिस्त्री म्हणतात. वाईट वाटतं, पण पेरलं तसं उगवणारच.

बन्सीधररावांच्या दुसऱ्या कामाचं तू विचारलंस. वसमत रस्त्याला त्यांचं गोदामाचं काम चालू आहे. वीस तारखेला स्लॅब होता. का विचारलंस?

तुझा,
शमुवेल

*

पेडगाव
४ मार्च

शमू,

काल माज्याकडं सुकेशनी आली व्हती. तुला वळख सांगते, कारन आठ महिन्यांत तू तिच्या घरी गेला न्हाईस. सिद्धोधनची बायको. कडेवर लेकरू, हातात पिशवी. माजा पत्ता तिला पंचफुलाबाईनं दिला. म्हणली, मावशी, ह्यांना न सांगता आले, तुमीच साहेबांना समजावा.

मंग पिशवीतून पिलास्टिकच्या कागदात गुंडाळलेली एक चिठ्ठी काढली. मी चष्मा लावून वाचली. तुलाबी वाचून दाखवते, कारन तू तुज्या पत्रात ही लिव्हायला इसरलास:

‘श्री. सिद्धोधन मिस्त्री यांस. हॉलच्या स्लॅबखालील सर्व बल्ल्या उद्याच काढाव्यात. मालक या नात्याने मंडळीची संमती आहे. बल्ल्या कमी पडत नाहीत, तुमचा विश्वास कमी पडत आहे. प्रभू सांभाळील. रेव्ह. शमुवेल आढाव. १८ फेब्रुवारी.’ खाली मंडळीचा गोल शिक्का.

अक्षर तुजंच हाय. ‘श’ला गाठ मारायचं मीच शिकवलं व्हतं तुला. शरम वाटली रे मला. त्या बाईसमोर मान वर करता येईना.

‘मजुरांनी काढल्या, एवढं नक्की.’ असं लिव्हलंस तू मला. मला! तुज्या आईच्या मागं तुला ह्या हातानं न्हाऊ घातलं, आन्‌ माज्याशीच लपवाछपवी?

तुजी चिठ्ठी हाती पडली तसं त्यानं वाचली, घडी केली, थापी आन्‌ ओळंबा पिशवीत टाकला आन्‌ निघून गेला. चिठ्ठी मिळाली म्हणल्यावर मजुरांचा इलाज न्हाई. सुकेशनी म्हणते, त्या दिवसापासून तो नीट जेवला न्हाई. शनिवारची बातमी कळली तव्हा आधी इचारलं, लेकरं कुठं व्हती? आत न्हवती म्हणल्यावर भिंतीला टेकून बसला आन्‌ ढसाढसा रडला.

ही चिठ्ठी त्यानं नाक्यावर दाखवली आसती तर एका दिवसात त्याचं नाव साफ झालं आसतं. दाखवत न्हाई. म्हणतो, पाळकाची इज्जत नाक्यावर कशी मांडू? तू ठरावावर त्याचं नाव मांडायला निगालास, आन्‌ त्यो तुजी इज्जत पिलास्टिकमधी गुंडाळून ठेवायलाय.

सही करायची तर कर. मंग पुन्यांदा मला आत्या म्हणू नको.

कडूबाई

*

पूर्णा
१० मार्च

आत्या,

सलाम.

या पत्राचा फोटो काढलेला नाही.

मी भ्यालो होतो. एवढंच कारण आहे. बिशपसाहेब येणार, हॉल तयार नाही, सेक्रेटरी तोंड फुगवून बसलेला. चिठ्ठी लिहिताना माझ्या मनात प्रभू नव्हता, बिशप होता. आणि स्लॅब पडल्यावर पहिला विचार लेकरांचा आला नाही, चिठ्ठी कुठं असेल याचा आला. हे तुला लिहायची लाज वाटते, पण लिहितो.

ठरावावर सही केली नाही. काल रविवारी पुलपिटावरून तुझ्या पत्रातली चिठ्ठी शब्दन्‌शब्द वाचून दाखवली. म्हणालो, ही माझी आहे. मिस्त्रीनं नाही म्हटलं होतं, मी काढायला लावल्या. दोष माझा. म्हणताना रडू आवरलं नाही.

आणि मग काय झालं, ऐक. रिक्षावाला ओरडला, ‘हालेलूया!’ बायका रडायला लागल्या. बन्सीधरराव उठले, मला मिठी मारली, आणि मंडळीकडे वळून म्हणाले, ‘बघा पाळकसाहेबांची नम्रता! दुसऱ्याचा दोष स्वतःच्या अंगावर घेतात. असा पाळक मिळायला भाग्य लागतं.’ मी नाही नाही म्हणत होतो, तसतशी माझी नम्रता वाढत होती. पंचफुलाबाईंनी तक्त्यावर सगळ्यात वर माझं नाव लिहिलं आणि उरलेले तारे चिकटवून टाकले. आज सभेत ठराव माझ्या सहीवाचून मंजूर झाला. पाळक फार हळवे आहेत म्हणून सही केली नाही, अशी नोंद झाली.

सिद्धोधन चर्चमध्ये नव्हता. त्याच्या घरी गेलो तर कुलूप. पण माझ्या मनावरचा दगड उतरला, आत्या. कबूल केलं, हलकं वाटतं आहे.

शमू

*

पेडगाव
१२ मार्च

शमू,

सलाम. पत्र वाचून डोळ्याला पाणी आलं. तू खोटा न्हाईस, भित्रा हाईस. भित्र्याला दवा हाय.

पण लेका, तुजं मन हलकं झालं ते चांगलं झालं. सिद्धोधनचं काय हलकं झालं? तू कबूल कुणाजवळ झालास? पंचफुलाबाईजवळ. ती काय त्याला स्लॅब टाकायला बोलावनार हाय? त्याचं नाव गेलं ते नाक्यावर गेलं. तिथं कुणाला ठाऊक हाय तू रविवारी रडलास ते?

तो रोज सकाळच्या गाडीनं परभणीला जातो, नाक्यावर उभा ऱ्हातो, आन्‌ दहा-साडेदहाला रिकामा परत येतो. सुकेशनी दारात बसून बगती. आला की तिला कळतं, आज बी न्हाई.

तर आता तू तिथं जा. सोमवारी, सातच्या आत. उशीर केलास तर सगळे कामावर गेलेले आसतेत, मंग खांबाला सांग. मूळ चिठ्ठी ह्या पाकिटात घालून पाठवायले. सुकेशनीनं दिली, म्हणली साहेबांचीच हाय, साहेबांनाच द्या. वाचून दाखव. जोरात. आन्‌ तिथं रडू नको, लोकांना कामाला जायचं आसतं.

जाताना खिशात थोडे फुटाणे ठेव. उपाशी पोटी तुला चक्कर येती.

आत्या

*

पूर्णा
१८ मार्च

प्रिय आत्या,

सलाम.

आधी कचेरीचं पत्र सांगतो, शनिवारी आलं. बिशपसाहेबांना ‘रोजच्या कामात विश्वास’ ही मोहीम इतकी आवडली, की ती आता सगळ्या मंडळ्यांत सुरू होणार आहे. तक्ते छापायला गेले आहेत. त्याच पत्रात खाली दोन ओळी आहेत. बांधकामाच्या बाबतीत झालेली गडबड पाहता मोहिमेच्या जनकाची बदली करण्यात येत आहे. एक एप्रिलपासून. जागा अजून ठरलेली नाही. बन्सीधरराव स्वागत समितीचे अध्यक्ष होते, आता निरोप समितीचेही तेच आहेत.

काल सोमवारी पहाटेच्या गाडीनं परभणीला गेलो. मी मूर्खासारखा पांढरा झगा घालून गेलो होतो, म्हटलं काही वजन पडेल. नाक्यावर पाचशे माणूस. मला बघून एक म्हातारी जवळ आली आणि हळूच विचारते, ‘बाप्पा, कोन वारलं?’

सिद्धोधन एका पानटपरीच्या बाजूला पिशवी घेऊन उभा होता. मला बघितलं आणि मान फिरवली. मी एका विटांच्या ढिगावर चढलो आणि ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ म्हणून सुरुवात केली. कुणी वळूनही बघितलं नाही. पुलपिटाशिवाय माझा आवाज एवढाच आहे, हे मला ठाऊक नव्हतं. एकजण म्हणाला, ‘महाराज, काय म्हणायचं ते झटकन म्हणा, गाड्या यायल्यात.’

मग मी झटकन म्हटलं. पूर्णेच्या चर्चचा स्लॅब पडला तो ह्या मिस्त्रीमुळे नाही. ह्यानं एकवीस दिवस थांबा म्हटलं होतं. मी नवव्या दिवशी बल्ल्या काढायला लावल्या, ही माझी चिठ्ठी, हा शिक्का. आणि वाचून दाखवली. ‘विश्वास कमी पडत आहे’ हे वाक्य आलं तेव्हा लोक खो खो हसले. एकजण म्हणाला, ‘मंग विश्वासच लावायचा ना बल्लीच्या जागी!’ कान गरम झाले माझे. तरी शेवटपर्यंत वाचली. रडलो नाही.

महांतेश नावाचा एक ठेकेदार मोटारसायकलवर बसून ऐकत होता. त्यानं माझ्या हातातली चिठ्ठी घेतली, शिक्का निरखून बघितला, आणि मला विचारलं, ‘ह्यानं तोंडावर न्हाई म्हणलं व्हतं? शेटला, पाळकाला, सगळ्याला?’

मी म्हणालो, ‘हो. सगळ्यांना.’

त्यानं चिठ्ठी मला परत दिली आणि सिद्धोधनकडे बघून एवढंच म्हणाला, ‘बस मागं.’

सिद्धोधन बसला. मी प्रार्थनेसाठी हात वर केला, तोवर गाडी सुरूही झाली होती. दहा-बारा पावलांवर त्यानं ठेकेदाराच्या खांद्यावर थाप मारून गाडी थांबवली आणि मला हाक मारली. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. क्षमा केली म्हणेल, किंवा शिव्या देईल. दोन्हीची माझी तयारी होती.

तो म्हणाला, ‘साहेब, माज्या फोनमधी पैसे न्हाईत. सुकेशनीला सांगा, आज यायला उशीर हुईल.’

नंबर सांगितला आणि गेला.

मी तिथंच उभा राहून फोन लावला. मी पाळक बोलतोय म्हटल्यावर ती घाबरली, म्हणाली, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, सिद्धोधननं निरोप दिलाय, आज यायला उशीर होईल.

मग तिनं विचारलं, ‘साहेब, परत एकदा सांगता का?’

मी परत सांगितलं.

शमू